खिडकीची दुसरी काच

दादा दुपारी तीन वाजता गेले. मी घरात होतो. वहिनी कल्याणला गेल्या होत्या.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. यापुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही — वहिनींनाही नाही, आणि आता त्यांना सांगता येणार नाही. या चैत्रात त्याही गेल्या. घरात मी एकटाच उरलो आहे. लिहायला बसतो, दोन ओळी लिहितो, उठतो, पडवीत जाऊन येतो, पुन्हा बसतो. तुम्हाला सांगतो आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, की ओळखीच्या माणसापुढे हे बोलायची माझी छाती नाही म्हणून? मलाही नीट सांगता येणार नाही.

आधी खिडकीचं सांगायला हवं. खिडकीशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

दादा माझे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आईवडील लवकर गेले. दादांनी शाळा सोडली, ठाण्याला एका सुताराच्या हाताखाली राहिले आणि मला शिकवलं. माझं सगळं शिक्षण त्यांच्या रंध्यावर झालं. पुढे त्यांनी डोंबिवलीला रुळांपासून शंभरेक पावलांवर हे लहानसं घर बांधलं. दारं-खिडक्या सगळ्या स्वतःच्या हातच्या. मी लग्न केलं नाही, त्यांच्याकडेच राहिलो. ठाण्याच्या एका छापखान्याची मुद्रितं घरी आणून तपासायची, हे माझं काम. माझ्या खोलीची खिडकी पडवीत उघडते. टेबल खिडकीला लागून.

मग दादांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. जीभ थोडी जड झाली, पण बोलणं राहिलं. वहिनी सकाळी त्यांना पडवीत आरामखुर्चीवर बसवायच्या आणि दिवसभर ते तिथे, माझ्या खिडकीपासून चार हातांवर.

"सदा. अरे सदा."

कशासाठी? कशासाठीही. किती वाजले. मघाच्या मालगाडीला डबे किती होते, तू मोजलेस का. ती पागोळी बघ कशी वाकडी पडतेय, कौल सरकलं असणार. जन्मभर ज्या माणसाचे हात बोलत होते, त्याला आता तोंडाशिवाय काही उरलं नव्हतं. हे मला आज कळतं असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. तेव्हाही कळत होतं.

माझं काम असं की मधेच उठलं की गेलं. विशेषतः पंचांगाची मुद्रितं. आकड्यांचे रकाने असतात, उभे, पानभर. अर्धा रकाना सोडून उठलं तर पुन्हा वरून सुरुवात. मी उठत असे. जाऊन बसत असे. परत येऊन पहिल्या ओळीवर बोट ठेवत असे. वर्षभर असं चाललं — आणि माझ्या आत काहीतरी आंबत गेलं.

एक दिवस मी म्हणालो, या मालगाड्यांच्या आवाजाने आणि इंजिनाच्या काजळीने काम होत नाही. खिडकीचं काहीतरी केलं पाहिजे.

दादांचा चेहरा उजळला. ठाण्याला एका साहेबाच्या बंगल्यात त्यांनी पूर्वी दुहेरी काचांची खिडकी बसवली होती — एका चौकटीत एकामागे एक दोन काचा, मध्ये बोटभर जागा. आवाज येत नाही, धूळ येत नाही. "तसंच करू," म्हणाले. "मी सांगतो, तू कर."

मी केलं. कल्याणच्या जुन्या बाजारातून जाड काच आणली. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून काच बसवायची लांबी करतात, ती करायला दादांनी मला शिकवलं. "अजून मळ. पोळ्यांची कणीक बघितली नाहीस का कधी? नुसता आयता जेवलायस." मग वैतागून गोळा माझ्या हातातून घ्यायचे आणि स्वतःच डाव्या हाताने मळत बसायचे. खाचेत आधी लांबीचा थर, त्यावर काच, चार बारीक खिळे, पुन्हा वरून लांबी, अंगठ्याने दाबत दाबत, मग सुरीने तिरकी तासायची. माझे हात पुस्तकं धरणारे. तीनदा बिघडलं. तीनदा त्यांनी खुर्चीतून काढायला लावलं. दाराच्या फटींनाही घोंगडीच्या पट्ट्या ठोकून घेतल्या.

"आणि खाली चौकटीला एक बारीक भोक ठेव," म्हणाले. "दोन काचांमधल्या हवेला वाट लागते. नाहीतर पावसाळ्यात आत वाफ धरेल."

मी हो म्हणालो. भोक पाडलं नाही. भोकातून आवाज आला असता — आणि मला मालगाडीचा आवाज कधीच नको झालेला नव्हता, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुसरी काच बसली त्या दिवशी दादा बाहेरून माझ्याकडे बघत राहिले. मी पडवीत आलो तर म्हणाले, "पेंढा भरलेल्या सांबरासारखा दिसतोस रे काचेआड." मग थोड्या वेळाने, "एक काच मालगाडीसाठी आणि एक माझ्यासाठी, होय ना?" अर्ध्या तोंडाने हसले. मीही हसलो. त्या हसण्याचं मी काय करू? ते थट्टेत म्हणाले की कळून म्हणाले? कळून म्हणाले असतील तर स्वतःच्या हाताने लांबी मळून कशी दिली?

त्यानंतर काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना दिसायचे. मी मान खाली घालायचो.

आता त्या दिवसाचं. टाळतो आहे असं वाटेल तुम्हाला. टाळतोच आहे. आत्ता मधे उठून पाणी पिऊन आलो, तहान नव्हती.

भाद्रपद होता. वहिनी बहिणीकडे गौरीच्या हळदीकुंकवाला कल्याणला गेल्या. "भाऊजी, ह्यांच्याकडे लक्ष असू द्या," म्हणून गेल्या. पाऊस उघडला होता. दोन काचांमध्ये वाफ धरली होती, दादा म्हणाले होते तशीच. सकाळी तेच म्हणाले, "भोक नीट पाडलं नसशील. ऊन आहे तोवर आतली काच काढ, पूस, वाळव. संध्याकाळपर्यंत परत बसव." मी लांबी खरवडून आतली काच काढली, पुसली आणि खाटेवर ठेवली. नव्या लांबीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. मग कामाला बसलो. पंचांग होतं.

खिडकीला त्या दुपारी एकच काच होती.

तुम्हाला कळलं ना? एकच काच होती. आणि एका काचेतून दादांची हाक मला वर्षभर स्पष्ट ऐकू येत आली होती.

पहिली हाक नेहमीसारखी. "सदा." मी तिथीच्या रकान्यात होतो. दुसरी — "सदा, जरा ये." मी मनात म्हणालो, रकाना संपू दे. तिसऱ्या हाकेत माझं नाव नव्हतं. नुसतं "ये". तेही अर्धंच. मग पितळेचं फुलपात्र पडलं. ते पडवीच्या फरशीवर घरंगळत गेलं, भिंतीला लागलं, थांबलं. हे सगळं मी ऐकलं. बोट रकान्यावर ठेवून ऐकलं.

रकाना पुरा केला. मग उठलो.

नंतर मी घड्याळ समोर ठेवून तो रकाना पुन्हा वाचला आहे. जिथे होतो तिथपासून खालपर्यंत सात मिनिटं लागतात. एकदाच नाही, पुष्कळदा वाचला आहे. कधी सव्वासात लागतात. सहा कधीच लागली नाहीत.

दादा खुर्चीखाली पडले होते. श्वास चालू होता, घरघरत होता. मी ओरडून शेजारच्या दामल्यांना बोलावलं. ते सायकल घेऊन रुळांपलीकडे डॉक्टरांना आणायला गेले. मी दादांच्या डोक्याखाली उशी दिली. त्यांचा डावा हात फरशीवर काहीतरी शोधत होता. माझी बोटं सापडली, ती त्यांनी धरली.

इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी वहिनींना सांगू शकलो असतो. त्या रडल्या असत्या, रागावल्या असत्या, आणि एखादे दिवशी पुन्हा माझं ताट वाढलं असतं. हाक ऐकली आणि उठलो नाही — असं माणसाकडून होतं. पण हे सगळं नाही.

मी बोटं सोडवून घेतली.

मला वाटलं, आता लोक येतील. विचारतील, तुला ऐकू कसं आलं नाही? खोलीत डोकावतील. खाटेवर काच दिसेल. मी आत गेलो. फडकं सोडलं, खाचेत लांबी घातली, काच उचलून बसवली, चार खिळे मारले, वरून लांबी दाबली, तासली. त्या दिवशी दादांनी शिकवलेलं एकदाही बिघडलं नाही. इतकी नीट काच मी आधी कधी बसवली नव्हती.

काच पक्की बसली तेव्हा बाहेरची घरघर ऐकू येईनाशी झाली. मला वाटलं, काचेमुळे.

काचेमुळे होतं का? तीन ही वेळ डॉक्टरांच्या घड्याळाची आहे. ते आले तेव्हा दादा गेलेले होते. नेमके केव्हा, हे मला माहीत नाही. मी चार हातांवर होतो, आणि मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी काही करता आलं असतं असं सांगता येत नाही. ते भल्या मनाने म्हणाले. दादांना उचलून आत नेताना त्यांचा डावा दंड मी धरला होता.

मी म्हणालो, "दोन काचा आहेत. ऐकू आलं नाही."

दहाव्याला वहिनींचे भाऊ, ठाण्याचे तात्या, सगळ्यांसमोर म्हणाले, "खोलीत बसलेल्या माणसाला चार हातांवरची हाक ऐकू येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नाही बुवा." मला आत बसवून त्यांनी दार लावून घेतलं आणि पडवीतून हाका मारल्या. काचेपलीकडे त्यांचं तोंड उघडताना दिसत होतं. मला खरोखर काही ऐकू आलं नाही. मी बाहेर येऊन तसं सांगितलं. खरंच होतं ते. त्या घरात त्या दहा दिवसांत मी बोललेली तेवढीच खरी गोष्ट असेल.

वहिनी तात्यांवर उखडल्या. "भाऊजींना कुणी काही बोलायचं नाही. त्या खोलीत तोफ उडाली तरी कळायचं नाही. ह्यांनीच करून दिलीय ती खिडकी." मग मला म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या."

पुढची सहा वर्षं त्या हेच सांगत आल्या. जो भेटायला येईल त्याला खिडकी दाखवायच्या. बोट लावून, दोन काचा आहेत बघा. मी शेजारी उभा असायचो. आणि आणखी एक. दादांच्या अंगातला सदरा काढताना डाव्या बाहीवर त्यांना लांबीचा डाग सापडला होता. माझ्या हाताचा. त्यांना वाटलं, दादाच मळत बसले होते. "बघा, शेवटच्या दिवशीही हात स्वस्थ नव्हता," म्हणाल्या. "कामात गेले. चांगले गेले." तो सदरा त्यांनी धुतला नाही. घडी करून ट्रंकेत ठेवला. दर भाद्रपदात काढायच्या, डागावरून अंगठा फिरवायच्या, पुन्हा ठेवायच्या. मला दाखवायच्या. मी बघायचो.

सांगता आलं असतं. दरवर्षी एकदा तो सदरा माझ्यासमोर येत होता. मी स्वतःला म्हणायचो, त्यांना तेवढाच आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा? हे मी त्यांच्यासाठी करत होतो का? दुपारी त्या मला हाक मारायच्या, चहाला, तेव्हा पहिल्या हाकेला मी उठायचो. "किती पटकन येता हो भाऊजी," म्हणायच्या. हेही मला जमवता आलं.

शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं, "ह्यांनी त्या दिवशी मला हाक मारली असेल का हो?" मी म्हणालो, मला काय माहीत, मी आत होतो.

ते पंचांग छापून आलं. तिथीच्या रकान्यात एकही चूक निघाली नाही.

वहिनी गेल्यावर ट्रंक उघडली. सदरा होता. त्याची घडी मी मोडली नाही. खिडकी अजून तशीच आहे. लांबी दगडासारखी झाली आहे, सुरीचं टोक शिरत नाही. पावसाळ्यात दोन काचांच्या मध्ये वाफ धरते आणि पडवी दिसत नाही. खालचं भोक मी अजून पाडलेलं नाही.