बोटांनी पाहिलेले चार लॅपटॉप

शीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो आणि मिशीच्या डाव्या बाजूला कलप लागला होता. उजवी बाजू अजून पांढरीच. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे गेले?"... साठी ओलांडली तरी कोणत्या वेळी काय विचारू नये हे मला कळत नाही. पलीकडून रडणं ऐकू आलं, आणि मग मला समजलं. गळ्यात सलूनचा टॉवेल तसाच घेऊन मी स्कूटर काढली आणि खमरियाच्या रस्त्यावरचं मिलिंदचं घर गाठलं. दारातले लोक माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, बालमित्र म्हणून माझं दुःख मोठं, म्हणून पाहताहेत. आरशात पाहिलं ते संध्याकाळी घरी आल्यावर. माझ्या त्या अवताराची सगळ्यांत जास्त मजा ज्यानं लुटली असती, तो आत पांढऱ्या चादरीखाली होता. तसं त्याला गेली कित्येक वर्षं काहीच दिसत नव्हतं. पण कोणी ना कोणी सांगितलंच असतं, आणि त्यानं माझी मिशी चाचपून विचारलं असतं, "कोणती बाजू बे काळी?"

मिलिंद आणि मी खमरियाच्या क्वार्टरमध्ये एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे वाढलो. दोघांचेही वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, दोन्ही घरं विदर्भातून आलेली. शाळेत असताना संध्याकाळ झाली की त्याला दिसेनासं व्हायचं. कॉलेज संपेस्तोवर दिवसाही दिसेना. डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते आणि त्यावर औषध नव्हतं. पुढे तो कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर झाला आणि मी सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत कारकून. ऑपरेटर म्हणून त्याचा काय रुबाब होता! कारखान्यातले सगळे नंबर तोंडपाठ. साहेबानं नुसतं खाकरलं तरी हा म्हणायचा, "जी सर, घरी लावून देतो."

मग नवं एक्सचेंज आलं. ते आपोआप फोन जोडायचं. मिलिंदची खुर्ची राहिली, पगार राहिला, काम गेलं. एक दिवस तो मला म्हणाला, "सुधाकर, सकाळी जातो, बसतो, चहा पितो, घरी येतो. मेलेल्या माणसाचा पगार घेऊन राहिलो बे मी." मी शहाण्यासारखा बोललो, "अरे, लोक तरसतात अशा नोकरीसाठी!" त्यावर तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. आपलं चुकलं काय, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. त्याला माया, दया, सवलत यातलं काहीच नको होतं. त्याला काम हवं होतं, आणि ते दर पावलाला कोणाला काही न विचारता करता यायला हवं होतं.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते लॅपटॉपवरून. त्यानं बाजारातला सगळ्यांत उंची लॅपटॉप घ्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, "काहून एवढा भारी? तुला ना त्याचा रंग दिसणार, ना पडदा." तो शांतपणे म्हणाला, "तो डब्यातून काढल्यापासून पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. स्वस्तातल्याला बोलतं करायला आधी एक डोळेवाला लागते. अन् माझ्याकडे डोळेवाला म्हणून तू आहेस." नेपियर टाउनमधल्या एका दुकानातून आम्ही तो आणला, मी स्कूटर चालवत आणि तो मागे मांडीवर खोकं धरून.

त्या पहिल्या लॅपटॉपची ओळख त्यानं बोटांनी करून घेतली, एखाद्या नव्या घरात फिरावं तशी. इथे सीडीची फट, इथे वायरी खुपसायची भोकं, इथे चार्जर, जो लोहचुंबकानं आपोआप ओढला जाऊन चिकटायचा. चालू करताना तो एक मोठा, भरदार सूर काढायचा, आणि मिलिंद खूश. काही महिन्यांत तो ऑफिसची पत्रं टाइप करायला लागला. साहेब मजकूर सांगायचे, हा झरझर उतरवून घ्यायचा, आणि लॅपटॉप त्याच्या कानात इतक्या वेगानं बोलायचा की मला वाटायचं कोणी चणे भाजतंय. चुंबकाचं महत्त्व मला कळलं ते वायरमध्ये पाय अडकून मी पडलो तेव्हा. वायर टुक्कन सुटली, लॅपटॉप जागच्या जागी, मी जमिनीवर. "बनवणाऱ्यानं तुझ्यासारख्या दोस्तांचा विचार केला आहे," मिलिंद म्हणाला.

त्याच लॅपटॉपचा एक किस्सा तो शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचा. बटणांत धूळ गेली म्हणून त्यानं तो माझ्याकडे साफ करून आणायला दिला. मी घरी उघडून पाहतो तर पडदा काळा ठिक्कर. आवाज येतोय, चित्र नाही. वाटलं, आपण आणताना आपटला. पळत दुकानात गेलो आणि सांगितलं, "पडदा गेला, काय वाट्टेल ते करा, पण दोस्ताला कळू देऊ नका." दुकानातल्या पोरीनं एक बटण दाबून धरलं आणि पडदा लख्ख उजळला. "अंकल, लाइट बंद थी," ती म्हणाली. मिलिंदनं विकत घेतल्या दिवशीच उजेड शून्यावर आणून ठेवला होता. "मी काय करू बे त्या उजेडाचं? फुकटची बॅटरी खाते."

दुसरा लॅपटॉप काही वर्षांनी आला, बारीक, हलका. सीडीची फट गेली होती. तिच्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण बोटानं पडद्यावरचा बाण सरकवायच्या चौकोनावर तो बराच वेळ बोट दाबत बसला होता. मग त्यानं लॅपटॉप बंद केला, पुन्हा दाबलं, आणि हसायला लागला. "सुधाकर, हे दबतच नाही! चालू असलं की आतून धक्का देते, अन् आपल्याला वाटते दाबलं. मले फसवून राहिले हे लोक... पण काय झकास फसवून राहिले!" मी तोच लॅपटॉप त्याच्या घरी शंभरदा हाताळला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या दाद देण्यात असूया नसायची. कोणी चांगलं काम केलं की त्याला ते कुठूनही कळायचं, आणि तो अनोळखी कारागिराला घरबसल्या शाबासकी द्यायचा.

तिसरा लॅपटॉप माझ्या कपाळी लिहिलेला होता. मिलिंद निवृत्त झाला होता आणि घरून फोनवर एक क्लास चालवायला लागला होता. बालाघाट, सिवनी, गोंदिया, कुठून कुठून दृष्टी गेलेली माणसं फोन करायची आणि हा त्यांना लॅपटॉप शिकवायचा. फी नाही, ठरलेली वेळ नाही, कंटाळा नाही. नवा लॅपटॉप घ्यायचा तर त्याला ताप होता, म्हणून दुकानात मी एकटाच गेलो. निघताना त्यानं एकच गोष्ट बजावली होती, "आकड्यांच्या वरची बटणांची रांग आहे का ते नीट पाहा. त्या रांगेवर माझं सगळं चालते." मी पाहिलं. रांग होती. नुसती होती नाही, झगमगत होती. मी दुकानातून फोन लावला, "आहेत बे बटणं, एक-एक चमकून राहिलं!" आणि घेऊन आलो.

मिलिंदनं खोकं उघडलं, बोटं वरच्या रांगेकडे नेली आणि थांबला. तिथे काच होती. गुळगुळीत, सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी पाहिली होती ती बटणांची चित्रं. चालू होतानाचा सूर नव्हता, चुंबक नव्हता, आणि बटणंही नव्हती. "सुधाकर," तो काचेवरून बोट फिरवत म्हणाला, "तुझ्या डोळ्यांचा नंबर काय आहे?" मी म्हटलं, चल, परत करू. दुकानदाराशी मी भांडतो. तो म्हणाला, "थांब जरा. बनवणारा येडा नसतो. काय विचार केला असन त्यानं, ते तर पाहू." वायर मात्र त्यानं हातानं चाचपली आणि मला बजावलं, "याले चुंबक नाही. आता तू लांबच बसत जा."

पुढचे काही दिवस त्याचे वाईट गेले. ती काच दर कामाला आपली चित्रं बदलायची. चुकून बोट लागलं की भलतंच काहीतरी व्हायचं. फोनवर शिकवता शिकवता तो अडखळायचा, आणि अडखळला की गप्प व्हायचा. जुन्या ऑफिसातल्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसायचा तसं बसलेलं मी त्याला पाहिलं आणि मला माझ्या दोन्ही डोळ्यांची लाज वाटली. मग एका दुपारी गेलो तर घरात हशा चालला होता. त्यानं सेटिंगमध्ये शिरून चित्रांची एकच रांग कायम करून टाकली होती, आणि शीलावहिनी काचेच्या वरच्या पत्र्यावर आपल्या पाकिटातल्या खड्यांच्या टिकल्या चिकटवत होत्या. मिलिंद काचेवर बोट ठेवून लॅपटॉपकडून बटणाचं नाव ऐकायचा आणि म्हणायचा, "हं, याच्या डोक्यावर." एक टिकली, एक बटण. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या लग्नातही एवढा साज नव्हता!" उंची लॅपटॉपच्या कपाळावर टिकल्यांची रांग... बनवणाऱ्यानं पाहिलं असतं तर त्यानंही हात जोडले असते.

पुढे चौथा लॅपटॉप आला. बटणं परत आली, सूर परत आला. मिलिंदनं चार्जर जवळ नेला, तो टुक्कन चिकटला, आणि मान न वळवता तो मला म्हणाला, "चुंबक आला परत. ये, बस आता जवळ." मी बसलो. आयुष्यात मला इतक्या मानानं कोणी जवळ बसवलेलं नाही.

पण तिसरा त्यानं विकला नाही. मी विचारलं, काहून ठेवला तो धोंडा? त्यानं समजावलं. नवी बटणं आल्याबरोबर काचेच्या पट्टीवाले लॅपटॉप लोकांनी काढून टाकले, ते जुन्या बाजारात स्वस्त झाले, आणि त्याच्या क्लासमधल्या लोकांच्या हाती तेच येऊन राहिले. "चौथा माझ्या कामाचा. तिसरा शिकवायचा. त्यांना ही काच कोण समजावणार? तू?" आणि मग हसला. माझ्या एका चुकीमुळे त्या बिकट यंत्राचा या भागातला एकुलता एक जाणकार तयार झाला होता. तिकडे दूर कुठल्या कुठल्या गावांत लॅपटॉपवर टिकल्यांच्या रांगा लागत होत्या. त्याचं तंत्र असं. तो फोनवर सांगायचा आणि समोरचा माणूस एकेक टिकली लावत जायचा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावरही मी त्या घरी जात राहिलो. चार-दोन आठवडे गेले असतील. एका सकाळी वहिनी चहा ठेवत होत्या आणि मिलिंदचा फोन वाजला. फोननं पुकारलेलं नाव त्यांनी ऐकलं आणि फोन माझ्यापुढे केला. "बालाघाटची ज्योती आहे. त्या सकाळी हे हिलाच शिकवून राहिले होते, भाऊजी. मी आतून आले तर खुर्चीत मान खाली, अन् फोनमधून ही पोरगी 'सर, सर' करून राहिली होती..." वहिनींनी कपाळावरची टिकली बोटानं नीट केली आणि वळून चहाकडे पाहायला लागल्या.

ज्योती फार संकोचून बोलत होती. तिला नोकरी लागली होती, आठवडाभरात हजर व्हायचं होतं. "सॉरी हं अंकल, असं विचारायला नको... पर सरने तीन टिकल्या सांगितल्या होत्या. चौथी राहिली. इथे कोणालेच सांगता येत नाही."

मी तिसरा लॅपटॉप उघडला, फोन स्पीकरवर टाकला आणि आवाजात आत्मविश्वास आणून म्हटलं, "सोपं आहे बेटा. इथून थोडी उजवीकडे."

"कुठून, अंकल?"

"हे इथून... तिसरीच्या बाजूला, जरासं पुढे."

"जरासं म्हणजे किती?"

डोळ्यांना ती चौथी टिकली लख्ख दिसत होती, आणि तिला सांगता येईल असा एकही शब्द माझ्यापाशी नव्हता. मग मी डोळे मिटले. आकड्यांच्या रांगेवर बोट ठेवलं, मोजत सरकलो, एकदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून आलो. "सहाचं बटण सापडलं तुला?" "जी." "त्यावरून सरळ वर ये. आधी फट लागेल. मग काच, थंड. ती ओलांड, पण दाबू नको. पलीकडे पत्रा आला?" "आला." "तिथंच." माझ्या बोटाखाली वहिनींचा खडा होता, एका बाजूनं झिजलेला. तिकडे टिकली पाकिटावरून सोलल्याचा, कागद फाटल्यासारखा बारीक आवाज झाला. मग तिनं खालच्या काचेवर बोट टेकलं असणार, कारण तिच्या लॅपटॉपनं त्या बटणाचं नाव उच्चारलं. बरोबर तेच.

ज्योती हसली. मग हळूच विचारलं, "अन् पाचवी?"

मी डोळे उघडले नाहीत. "थांब," म्हटलं, "शोधतो."