जपानी बागेला आमची प्रदक्षिणा

आईला नायगारा दाखवून झाला, न्यूयॉर्क दाखवून झालं, जर्सीतले झाडून सगळे मॉल दाखवून झाले. पुढच्या आठवड्यात ती पुण्याला परत निघणार होती आणि फोनवर मावशीला सांगत होती, "आता परत नाही गं येणार मी. पायच राहिले नाहीत." ते ऐकून निदान शेवटचा शनिवार तरी शांत जागी न्यायचं ठरवलं. फिलाडेल्फियाजवळ एक जपानी बाग आहे, तिकडे.

शांत म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्याला, मंदारला, अजून कळायचंय. पिस्कॅटवेच्या घरून निघण्याआधीच त्याने जीपीएसवर बाग, आउटलेट मॉल आणि बुफे एकापुढे एक लावून टाकले होते. टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या हायवेने, साधारण दीड तास लागतो. तिकिटं ऑनलाइनच काढा. आत खायला मनाई आहे, म्हणून दशम्या आणि लसणाची चटणी पार्किंगमध्ये डिकी उघडून उरकावी. शेजारच्या गाडीतले बघतात. बघू द्यावं.

ही बाग म्हणजे तळ्याभोवतीची वळणावळणाची वाट. प्रत्येक वळणावर नवं काहीतरी दिसतं, आणि धबधबा मुद्दाम शेवटी ठेवलेला. त्याच्यासमोर एक बाक. दारात बाण सांगतो, उजवीकडे वळा. आईने तळ्याच्या मधोमध असलेला दगडी कंदील पाहिला, हात जोडले आणि ती डावीकडे वळली.

"आजी, इट्स वन-वे," आमची लेक इरा म्हणाली.

"देव उजव्या हाताला हवा, बाळा. उलटा फेरा घालतात का कोणी?"

"आई, तो लॅम्प आहे," मंदार म्हणाला.

"समई काय असते मग, मंदारराव?"

समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सॉरी म्हणत आम्ही निघालो. त्यामुळे शेवटचा धबधबा पहिल्यांदा आला, आणि बाकही. आई चपला काढून बसली ती बसलीच.

"अजून सगळा राउंड बाकी आहे यार," मंदार माझ्या कानात म्हणाला. "बुफे बंद होईल."

"तुम्ही घालून या फेरा," आई म्हणाली. "माझा नमस्कार पोचला."

तो इराला घेऊन तरातरा गेला. मी आईशेजारी बसले. इतके महिने तिला नुसतं फिरवत होते मी. तिच्याजवळ बसले ती त्या दिवशी. फार बरं वाटलं. बुफे बंद झाला.

घरी आल्यावर मंदारने बागेला तीन स्टार दिले: 'पार्किंग उत्तम. करण्यासारखं काही नाही.' आतल्या खोलीत आई बॅग भरता भरता मावशीशी बोलत होती.

"बघू गं, पुढच्या वर्षी येईनही. लेकीला आता बसता यायला लागलंय."