पुसलेली डिस्क

आज एक जुना कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीचा तोच वास आला.

महाडला शिक्षक असताना मला लिनक्सचं, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरचं, वेड होतं. भंगारातले भाग जोडून मी कॉम्प्युटर उभे करायचो. कुणाकडे चोरीचं सॉफ्टवेअर दिसलं की माझं डोकं फिरायचं. एकदा आंबेनळीकडच्या वाडीतून सखूबाई मुलाचा कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून घेऊन आल्या. मुलगा तापाने गेला होता.

"गुरुजी, चालू व्हत नाय. येवढा चालू करून द्या."

त्याची डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली, तर आत सगळं चोरीचंच होतं. त्यांना काहीच न विचारता मी अख्खी डिस्क पुसली आणि लिनक्स टाकलं. स्वच्छ निळा पडदा उजळला तेव्हा मी तो अभिमानाने त्यांच्याकडे वळवला.

त्या पुढे वाकल्या. "यात त्याचं भजन हाय. त्याच्याच आवाजातलं. तेवढं लावा."

मी उगाच माऊस हलवत राहिलो.

"डिस्क आधीच खराब झाली होती," मी म्हणालो. तेव्हा वाटलं, सुटलो.

सखूबाई गोणपाट नीट करू लागल्या. "मंग आमचंच चुकलं, गुरुजी. आनायला उशीर केला."