सगुणाची तोंडी परीक्षा

शिकवताना मी तापट होतो, हे आधीच सांगून टाकतो. गोव्यात साखळी गावाजवळच्या एका खाण कंपनीत मी टंकलेखक होतो. म्हापशाच्या शाळेत इंग्रजी शिकलेला, म्हणून नदीच्या धक्क्यावरची माणसं मला 'मास्तर' म्हणत, आणि ते मला आवडायचं.

सगुण पेडण्याचा. धक्क्यावर खनिजाच्या टोपल्या डोक्यावरून बार्जमध्ये, म्हणजे माल नेणाऱ्या मोठ्या होडीत, टाकायचा. सदुसष्ट साली बार्जवर चढायची फळी सरकली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कामातून गेला. बार्जवर नजर ठेवणाऱ्या कारकुनाची जागा तेव्हा रिकामी होती, पण नवे मॅनेजर मद्रासकडचे, त्यांना इंग्रजीशिवाय चालत नसे. तोंडी परीक्षेत उतरला तर जागा त्याची, नाहीतर काठी टेकत घरी. घरी बायको देवकी आणि तीन मुली होत्या.

तीन महिने मी त्याच्याकडून वीस वाक्यं घोकून घेतली. पाच वर्षं काम करतोय हे कसं सांगायचं, 'इज' कुठे, 'आर' कुठे, 'से' कधी आणि 'टेल' कधी. पोपटानेसुद्धा एवढ्यात पाठ केलं असतं. सगुण रोज नवंच काहीतरी बोलायचा.

"मास्तरांनू, माका पाठ जायना," तो म्हणायचा. "तुम्ही कथा सांगा, भाषण मी करतंय."

त्याचं मूळ तिथे होतं. जत्रांच्या दिवसांत तो दशावतारी नाटकात राजा व्हायचा. दशावतारात लिहिलेलं काही नसतंच. मंडळीचा प्रमुख, नाईक, आधी कथा सांगतो, पुढचं बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावर उभं राहून रचायचं. मी म्हटलं, "हे नाटक नव्हे, सगुणा. चूक झाली की संपलं." त्याने मान खाली घातली. त्या दिवसापासून तो मला घाबरायला लागला, आणि मला वाटलं, आता शिकेल.

परीक्षेला मी नेमणुकीचा कागद घेऊन मॅनेजर साहेबांच्या शेजारी बसलो होतो. साहेबांनी विचारलं, घरी कोण कोण आहे? सगुण म्हणाला, पाच वर्षं काम करतोय. साहेबांनी विचारलं, पाय कसा दुखावला? सगुणाने घरची माणसं मोजली. दाराशी उभे असलेले दोघे हसले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "शेवटचा प्रश्न. बार्ज भाराच्या पांढऱ्या रेघेच्या वर भरली आहे आणि ती चालवणारा तांडेल ऐकत नाही. काय बोलशील?"

वीस वाक्यांत हे नव्हतं. मी ओठ हलवून त्याला शब्द पुरवू लागलो. सगुणाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग काठी जमिनीवर आपटली, छाती पुढे काढली, आणि साहेबांनाच तांडेल समजून गरजला.

"यू स्टॉप! बार्ज नो गो. टू मच लोड. फाईव्ह मॅन इनसाईड. रिव्हर टेक फाईव्ह मॅन, यू गिव्ह बॅक? यू गो हिज हाऊस, टेल हिज वाईफ? नो. देन टेक आऊट. नाऊ."

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी शिकवलं?"

"धिस मास्तर टीच," सगुण माझ्याकडे बोट करून म्हणाला. "आय फरगेट."

साहेबांनी कागद माझ्या हातातून घेऊन सही केली. जागा सगुणाला मिळाली. मला आधी राग आला, कारण माझं एकही वाक्य त्यात नव्हतं. घरी जाताना लाज वाटली. तीन महिने मी त्या माणसाचं तोंड बंद करत होतो.

आता हा येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगुण पाटी घेऊन दारात उभा.

"जागा मिळाली ना? आता कशाला?"

"आता शिकवा, मास्तरांनू," तो खाली बसत म्हणाला. "आता माका तुमचा भय नाय."

त्या संध्याकाळी मी त्याला पहिल्यांदा शिकवलं.