शालूबाईचे दहा पाहुणे

पंजाबराव सरपंच घरातल्या माणसाशीही सभेत उभं राहिल्यासारखंच बोलायचे. "म्हंजे कसं, शालूबाई, आपली रोहिणखेडची मशीद पाहाले कुठकुठचे लोक येतात, अन् उपाशी वापस जातात. तू जेवू घाल, मानशी दीड रुपया घे. थंडीभर दर इतवारी लोक येतीन. अशानंच गावाची गरिबी हटते."

शालूबाईला गावाचं माहीत नव्हतं, घरचं माहीत होतं. तिचा नवरा भाऊराव दर हंगामाला खामगावच्या जिनात कापूस पिंजायच्या कामाला जायचा. रुई उडायची, छातीत बसायची. बोलताना प्रत्येक तिसऱ्या शब्दाला तो खोकलायचा. यंदाही इतवारी संध्याकाळी मजूर न्यायला मुकादमाची गाडी येणार होती. त्याच दुपारी पुण्याचे दहाजण जेवायला यायचे होते. पंधरा रुपये हाती आले, तर भाऊराव गाडीत बसणार नव्हता. असं नवराबायकोचं ठरलं होतं.

अडचण एकच. जेवल्या माणसाकडून पैसे मागायचे कसे? शालूबाईच्या सात पिढ्यांत कुणी मागितले नव्हते. मग शेजारच्या केसरबाईनं स्वतः पाहुणा होऊन तिची तालीम घेतली. सासऱ्याचा चष्मा नाकावर, पदर खांद्यावरून पुढे, आणि आवाज असा, जसा नाकात हरभरा अडकलाय.

"काकू, किती झाले हो आमचे?"

"मानशी दीड रुपया," शालूबाई म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून हसली.

"हासू नको वं! दात पाहून तो चार आने कमी करीन!"

आठ वेळा झालं तेव्हा न हसता जमलं.

इतवारी माणसं आली. मशिदीची कमान पाहून, फोटो काढून, ओसरीवर पंगतीला बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. "अय्या, किती तिखट!" म्हणत डोळे पुसत होती आणि पुन्हा ठेचाच मागत होती. भाऊराव दाराआड उभा राहून मोजत होता, दहा.

जेवणं झाली. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या मास्तरांनी पाकीट काढलं. "काकू, किती द्यायचे?"

शालूबाईच्या हातात कुंकवाचा करंडा होता. घरातून जाणाऱ्या बाईला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं कसं? समोरच्या तरण्या बाईला तिनं बोट टेकवलं, तशी ती बाई वाकून पायाच पडली. "आई गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी वाढलं नव्हतं हो."

"मानशी..." शालूबाई म्हणाली आणि थांबली. "पैसे कायचे, बापा? लेकीकडून कोनी घेते का?" आणि आत जाऊन दिवाळीचा, अजून न शिवलेला खण आणून तिच्या ओटीत घातला.

मास्तर फार भारावले. "काय ही माणसं!" म्हणाले आणि पंधरा रुपये गावच्या शाळेसाठी म्हणून, निरोप द्यायला आलेल्या पंजाबरावांच्या हातात ठेवले. पंजाबरावांनी तिथंच छोटंसं भाषण केलं.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर भाऊराव पिशवी भरू लागला.

"बोला ना काही," शालूबाई म्हणाली.

"का बोलू? बरं केलं. मीबी... नसते घेतले."

"तुमी तं घ्यालेच पायजे होते! दाराआड काऊन उभे होते मंग? मले एक डाव शिव्या तं द्या!"

त्यानं दिल्या नाहीत. उरलेल्या दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि खोकत मुकादमाच्या गाडीत चढला.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव आले. "पुढल्या इतवारी वीस जन येऊन राह्यले, शालूबाई!"

"तीस रुपये पह्यले आना. भाकरी मंग."

"आता माह्यापाशी कुठून? अन् काल तं तूच म्हने..."

"काल माह्या घरी पाहुने होते."

पंजाबराव पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "बरं, मंग रांधाले जनकाबाईले इचारून पाहातो," म्हणाले आणि खालच्या आळीकडे वळले.