तिसऱ्या गाण्यातला खोकला

आमच्या गार्डकाकांइतका वक्तशीर माणूस सोलापुरात झाला नाही, आणि इथल्या घड्याळांच्या अब्रूसाठी पुन्हा न झालेलाच बरा. होटगी जंक्शनहून रेल्वेगाड्या सोडण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर गाड्या संपल्या म्हणून ते माझ्या मागे लागले. मी सांभाळतो ते छोटंसं वस्तुसंग्रहालय साडेदहाला उघडतं. दहा बत्तीसला पोचलो, की दारातच शिट्टी. "दोन मिनिटं लेट. कारन सांगा की!" त्यांनी हिरवा रुमाल हलवल्याशिवाय पाहुण्यांनासुद्धा आत शिरता येत नाही. एका काचेच्या कपाटापुढे मात्र हा कडक माणूस चपला काढून उभा राहतो.

त्या कपाटात त्यांनीच दिलेली ग्रामोफोनची तबकडी आहे. काका तिला 'प्लेट' म्हणतात. काका तरुण असताना इथल्या चर्चमधल्या मंडळींनी गायलेली ख्रिस्ती भजनं तिच्यावर आहेत, आणि गाणाऱ्यांत काकूही होत्या. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. वीस गळ्यांत त्यांचा गळा काही ओळखू येत नाही. पण तिसरं गाणं संपता संपता कुणीतरी बारीक खोकतं. "ती आमची मंडळी," काका अभिमानानं सांगत. "रेकॉर्डिंगवाल्या साहेबानं दम दिलता, कुनी शिंकायचं न्हाय. ही शिंकली न्हाय. खोकली!" काकूंचा आवाज म्हणून जगात तेवढाच उरलेला. तबकडी देताना काकांनी एकच अट घातली होती: दर ईस्टरला ती वाजवायची.

यंदा आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "प्लेट धुऊन ठिवा. लई धूळ बसली असंल." माझ्यासारखा आज्ञाधारक माणूस नाही. तबकडी घरी नेली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि सोलापुरी माणूस एप्रिलमध्ये कुठलीही ओली वस्तू जिथे नेतो तिथे नेली: गच्चीवर. बायकोच्या पापडांशेजारी, त्याच जुन्या साडीवर, नीट वाळत घातली. तासाभरानं वरून हाक आली, "अहो, तुमचा पापड आधी वाळला की!" बघतो तर तबकडीच्या कडा कडक भाकरीसारख्या वर आलेल्या. मग मी ती दोन शब्दकोशांखाली दाबली. शब्दकोश जाड होते, अक्कल त्याहून.

ईस्टरला काका कोट घालून साडेदहाच्या ठोक्याला हजर. मला सांगायचा धीर झाला नाही. सुई पहिल्या गाण्यापासून उड्या मारायला लागली आणि तिसऱ्यात घसरली ती थेट मधल्या कागदावर. तीनदा लावली, तीनदा घसरली. मग मी गच्चीचा सगळा प्रताप कबूल केला. शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. काका नुसतं म्हणाले, "उनात ठिवली व्हय." आणि यंत्राचं झाकण त्यांनीच हळू लावलं.

आता ते पाहुण्यांना कपाटापाशी नेतात आणि "असा व्हता बगा," म्हणून स्वतःच खोकून दाखवतात. परवा खोकले, थांबले, जरा वेगळं खोकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी तर ऐकलाय की. ह्यातला कुटला बरोबर?"

मला खरंच आठवत नव्हतं.

"दुसरा," मी म्हणालो.

तेव्हापासून ते तसंच खोकतात.