न बिघडणाऱ्या इंजिनाचा इंजिनिअर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुठेही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वुडलँड्सच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर माझी मेकॅनिकलची पदवी फ्रेम करून लावलेली होती. घरमालकाने भिंतीत खिळा ठोकायला मनाई केली होती, म्हणून ती चिकटपट्टीच्या भरवशावर होती आणि सिंगापूरच्या दमट हवेत अधूनमधून खाली यायची. बायको स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणायची, "अहो, पदवी पडली." मी उठून परत चिकटवायचो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. विमानतळाच्या अलीकडे गोदामांची एक रांग होती आणि त्यात एका चिनी मालकाची छोटी कंपनी होती. काम एवढंच, की या गोदामातला माल त्या गोदामात न्यायचा. मालाच्या ट्रॉल्या एकीमागे एक जोडायच्या आणि पुढे ओढायला टो ट्रॅक्टर. शेतातला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणू नका. हा बुटका, जड, पुढे बोनेट आणि मागे हूक असलेला, बैठ्या बैलासारखा दिसणारा प्रकार. असे तीन होते आणि त्यांचा इंजिनिअर म्हणून मला घेतलं होतं. मुलाखतीत मी मालकाला म्हणालो होतो, "कुठलंही इंजिन द्या, दुरुस्त करून दाखवतो." त्याने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघितलं. त्याला हसू आलं असणार, हे मला नंतर कळलं.

कारण त्या ट्रॅक्टरांची इंजिनं बिघडतच नव्हती.

इंजिन अमेरिकन, मुळात तिकडच्या मालवाहू ट्रकसाठी बनवलेलं. सहा सिलिंडर एका रांगेत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी पोरांसारखे. ब्लॉक बिडाचा, वरचं हेडही बिडाचं. आत क्रँकला आधार द्यायला सात बेअरिंग, जिथे बाकीचे चारात भागवतात. कॅमशाफ्ट फिरवायला पट्टा नाही, साखळी नाही, सरळ दात्याला दाता, म्हणजे तुटायला काही ठेवलेलंच नाही. जोर सगळा खालच्या वेगात. पळायला सांगाल तर पळणार नाही, ओढायला सांगाल तर घर ओढेल. खुद्द अमेरिकेतही याचं कुणाला कौतुक नव्हतं. तिकडे सगळ्यांना व्ही-आठ हवं, ज्याचा आवाज ऐकून शेजारी खिडकीत येतात. हे बिचारं पार्सलच्या गाड्यांत, पाण्याच्या पंपांवर, जनरेटरवर आयुष्य काढणारं. त्याचं पोस्टर कुठल्याही पोराच्या खोलीत लागलं नसेल.

मी ऑइल बदललं, प्लग साफ केले, एअर फिल्टर झटकला. मग बसलो. दोन आठवडे गेले, परत ऑइलची पट्टी ओढून बघितली. स्वच्छ. परत बसलो.

मालक रोज सकाळी प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी दोरीने धरून चक्कर मारायचा. तो बोलायचा सिंग्लिशमध्ये, म्हणजे सिंगापुरी इंग्रजीत. इथे मी मराठीत देतोय, वाक्याच्या शेवटी येणारा त्याचा 'लाह' तेवढा त्याचाच ठेवतो.

"आज काय दुरुस्ती?"

"काही नाही, बॉस. सगळं ठीक."

"काल?"

"कालही ठीक."

"मग तू काय करतो?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "बिघडू नये म्हणून आधीच काळजी घेतो. प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्स."

त्याने कॉफीचा एक घोट घेतला. "तू यायच्या आधी पण नव्हतं बिघडत, लाह."

यावर कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात इलेक्ट्रिक ट्रॅक्टर विकणारा एक सेल्समन फेऱ्या मारायला लागला. टाय लावलेला, गुळगुळीत माणूस. धूर नाही, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे आमची माणसं येऊन सर्व्हिस करून जाणार, असं तो सांगायचा. 'आमची माणसं' म्हणताना तो माझ्याकडे असं बघायचा, जसं घर विकत घ्यायला आलेला माणूस आतल्या भाडेकरूकडे बघतो.

आता आमची परिस्थिती सांगतो. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथल्या नोकरीचा परवाना, त्या वर्षी संपत होता. तो रिन्यू करायचा की नाही, हे मालकाच्या हातात. त्या पासावर बायको-मुलीचं इथलं राहणं. मुलीला नुकताच शाळेत प्रवेश मिळालेला. बायकोला पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम लागलेलं आणि ती तिथे माझ्याहून जास्त रमलेली. पास गेला की सगळं आवरून परत.

रात्री जेवताना मी बायकोला हे समजावून सांगितलं. ती अकाउंटची माणूस. तिने भाताचा घास हातात तसाच धरून दोन्ही बाजू मांडल्या.

"म्हणजे इंजिन मेलं, तर इलेक्ट्रिक येणार आणि तुमचं काम जाणार."

"हो."

"आणि इंजिन असंच ठणठणीत राहिलं, तर तुमची गरजच नाही म्हणून काम जाणार."

"तसंच काहीतरी."

"मग त्याला जरा आजारी पडायला काय होतं? मरू नको म्हणावं. नुसतं सर्दी-पडसं."

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "पपा, इंजिन नॉट स्पॉइल इज गुड थिंग व्हॉट. व्हाय यू सॅड?"

"मराठीत बोल," बायको म्हणाली.

"पपा, व्हाय तू सॅड?"

रविवारी फोनकार्ड खरवडून गावी वडिलांना फोन केला. वडील जन्मभर बैलबाजारात दलाली केलेले. त्यांना मी इंजिनाची सगळी तारीफ ऐकवली. सहा सिलिंडर, सात बेअरिंग, दात्याला दाता.

"वय काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

"असेल माझ्याएवढं. थोडं मोठंच."

"आणि बसत नाही कुठं? लंगडत नाही?"

"नाही."

"मग विकून टाक. चांगलं चालतंय तोवरच गिऱ्हाईक लागतं."

"आबा, ते माझं नाही. मालकाचं आहे."

"मग तुला कशाचा पगार देतात?"

मी कार्डातले पैसे संपत आले असं सांगून फोन ठेवला.

एक मात्र स्पष्ट सांगतो. इंजिनाला मुद्दाम दुखणं लावायचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. एकदा सहाही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं, ते कुठे कमी निघेल या आशेने, हे खरं. पण सहाच्या सहा सिलिंडर एका सुरात. एखादा जरी थोडा मागे असता, तरी मला आधार वाटला असता. काटा दर वेळी त्याच जागी जाऊन उभा राहायचा. मी त्या इंजिनाकडे बघितलं आणि मनात म्हणालो, शाबास. आणि लगेच म्हणालो, मेल्या.

बिघडत होतं ते बाकीचं. समुद्राची हवा, वर रोजचा पाऊस आणि इतकी वर्षं. रेडिएटर डागाळलेला, सीटचा स्पंज बाहेर आलेला, आणि पायाखालचा पत्रा तर गंजून पापडासारखा झालेला. एका ट्रॅक्टरवरून तर खालची जमीन सरकताना दिसायची. तो चालवणारा साठीतला मलय ड्रायव्हर होता. त्याला सगळे पाकचिक म्हणायचे, म्हणजे काका. तो पाय दोन्हीकडे फाकवून बसायचा आणि म्हणायचा की हवा छान लागते.

हे मी मालकाला दोनदा सांगितलं. मालकाचं एक ठाम मत होतं. बोनेटवर हात ठेवून तो म्हणाला, "ऐक. इंजिन कसं आहे?"

"उत्तम."

"मग ट्रॅक्टर उत्तम, लाह."

चालू वस्तू टाकून देणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. ऑफिसातला पंखा त्याच्या वडिलांच्या काळचा होता आणि त्याची जाळी सुतळीने बांधलेली होती. इलेक्ट्रिकवाल्याला तो महिनोन् महिने चहा पाजत होता, पण सही करत नव्हता, त्याचंही कारण हेच. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तो स्वतः प्लायवूडचा एक तुकडा घेऊन आला, भोकावर टाकला, वर रबरी मॅट अंथरली आणि हात झटकले. "झालं."

मग विम्याचा इन्स्पेक्टर आला.

इन्स्पेक्टर चांगला भरभक्कम होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, काळे चकचकीत बूट. मालकाने त्याला सगळ्यात आधी इंजिन दाखवलं. बोनेट उघडलं, पाकचिकने चावी फिरवली, आणि ते पहिल्याच फटक्यात सुरू झालं. टिक टिक टिक टिक, शिवणयंत्र चालावं तसं. मालकाने इंजिनाच्या वरच्या झाकणावर कॉफीचा कप ठेवून दाखवला. कॉफीवर तरंगसुद्धा नाही. इन्स्पेक्टर खूश झाला. म्हणाला, "अंकल, हे तर नवं वाटतं." इलेक्ट्रिकवाला सेल्समनही योगायोगाने तिथेच होता. तो टायची गाठ सारखी करत उभा राहिला.

"बसून बघतो," असं म्हणून इन्स्पेक्टर ट्रॅक्टरवर चढला.

प्लायवूड मोडल्याचा आवाज मोठा झाला नाही. नुसता कट्ट झाला. इन्स्पेक्टरचा उजवा पाय मॅटसकट गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि बूट जमिनीला टेकला. त्याने तोल सावरायला सीटशेजारचा दांडा धरला, तर दांडा हातात आला. म्हणजे अक्षरशः हातात. एक पाय ट्रॅक्टरवर, एक जमिनीवर, हातात गंजलेला दांडा, असा तो उभा होता. आणि समोर इंजिन टिक टिक टिक टिक. कप तसाच, कॉफी तशीच.

पाकचिक म्हणाला, "तिथे पाय ठेवायचा नसतो, सर."

मालक माझ्याकडे वळला. "तू इंजिनिअर ना? तुला हे दिसत नाही?"

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पास, बायकोची नोकरी, मुलीची शाळा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण आमच्या घराण्यात ती खोड नाही. मी म्हणालो, "दिसलं होतं, बॉस. दोनदा सांगितलं होतं. हे प्लायवूड तुम्ही टाकलंत."

 सेल्समनने वर छताकडे बघितलं. इन्स्पेक्टर खालून म्हणाला, "आधी मला बाहेर काढा."

आम्ही चौघांनी मिळून काढला. लागलं काही नव्हतं, पँट मात्र गेली. जाताना त्याने सांगितलं की या तिन्ही गाड्यांचा विमा होणार नाही, आणि मग दाराशी थांबून म्हणाला, "इंजिन मात्र फर्स्ट क्लास आहे."

त्या रात्री बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खरं बोललात ते बरोबर. पण इन्स्पेक्टर गेल्यावर बोलला असतात तर चाललं नसतं का?"

"तेव्हा कुणी विचारलं नसतं."

"रिकामी खोकी कुठे मिळतील ते बघून ठेवते," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजत होती.

सकाळी मालक कॉफी न घेताच आला. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. इलेक्ट्रिकवाल्याचा करार त्याच्या काखेत होता आणि खिशात पेन होतं. त्याने बोनेटवर हात ठेवला.

"खरं सांग. हे अजून किती चालणार?"

मला वाटलं, आता काहीही झालं तरी काम जाणारच आहे, तर निदान खरं सांगून जावं. "बॉस, तुम्ही आणि मी असेपर्यंत तरी चालेल. त्याला माझी गरज नाही. गरज आहे ती बाकीच्या ट्रॅक्टरला. इंजिन टिकत गेलं आणि त्याच्याभोवतीचं सगळं संपत गेलं. इंजिन काढून घ्या, उरलेलं भंगारात द्या. मी खाली नवी चौकट करतो, नवा पत्रा, नवं हूक, ब्रेक, सगळं. वेळ लागेल, पण होईल."

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्याने करार काखेतून काढला, चार घड्या घातल्या आणि मोडक्या सीटखाली डुगडुगणाऱ्या बाजूला टेकू म्हणून सारला. "चालू वस्तू फेकली तर माझी आई कबरीतून उठून येईल," तो म्हणाला. "कर."

पास रिन्यू झाला, दोन वर्षांसाठी. कागदावर माझ्या हुद्द्याच्या जागी मालकाने 'इंजिन स्पेशालिस्ट' असं लिहिलं होतं. खरं तर पुढचं वर्षभर मी इंजिनाला हात म्हणून लावला नाही. माल ओढायला तेवढ्यापुरते भाड्याचे ट्रॅक्टर आणले होते. तिन्ही इंजिनं शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ताडपत्री पांघरून बसली होती आणि मी लोखंड कापत, वेल्डिंग करत त्यांच्यासाठी अंगं तयार करत होतो. वडिलांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे एवढं शिकून शिंपी झालास." पण आवाजात खुशी होती. नंतर कळलं की सगळ्या बाजारात त्यांनी सांगितलं होतं की पोरगा अमेरिकेच्या इंजिनांचा डॉक्टर आहे, सिंगापुरात.

पायाखालचा पत्रा आणायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाला, "पातळ घे, स्वस्त पडतो, लाह." बायकोही म्हणाली, पातळ घ्या. तिचं कारण वेगळं होतं. मी दोघांचंही ऐकलं आणि जाड पत्रा आणला. त्या इंजिनाच्या शेजारी पातळ पत्रा लावायला माझा हात धजेना. वर प्रायमरचे दोन हात दिले, कडा बंद केल्या, पाणी साचू नये म्हणून उतार दिला. पहिला ट्रॅक्टर तयार झाला तेव्हा त्यावर मी स्वतः उड्या मारून बघितल्या. पाकचिकला हवा लागेना म्हणून तो दोन दिवस रुसला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, आता वीस-पंचवीस वर्षं तरी बघायला नको.

 ती मुलीच्या दप्तरात डबा भरत होती, त्याचं झाकण लावायचं थांबली.

"दोन वर्षांनी पास परत रिन्यू करायचा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तोवर बिघडेल असं काहीच ठेवलं नाहीत?"

मी विचार केला. चौकट नाही, पत्रा नाही, हूक तर मीच केलेलं. इंजिनाचं तर नावच नको.

"ब्रेक," मी म्हणालो. "ब्रेक झिजतात. त्याला इलाज नाही."

"नक्की?"

"नक्की. एवढा माल ओढायचा आणि थांबायचं म्हणजे ब्रेक झिजणारच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.